स्वभाव कुठे संपतो, आजार कुठे सुरू होतो

नैराश्याने ग्रासलेला माणूस 'मी फार उदास आहे' असं सांगत डॉक्टरकडे जात नाही, निदान आपल्याकडे तरी नाही. तो सांगतो, डोकं जड असतं, अंगात त्राण नाही, पाठ भरून येते, जेवणावर वासना नाही, हातापायांना मुंग्या येतात. बायका सांगतात, अंगावरून पांढरं जातं, त्यानेच अशक्तपणा आलाय. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेवटच्या तक्रारीचा मुद्दाम अभ्यास केला. अनेक बायकांमध्ये जंतुसंसर्ग सापडला नाही, आणि तक्रारीचा संबंध नैराश्य-चिंतेशी असल्याचं दिसलं. पण दवाखान्यात एवढं विचारायला वेळ कोणाला असतो? रक्त तपासलं जातं, सोनोग्राफी होते, एखादं सलाईन लागतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. मग घरचे म्हणतात, काही झालेलं नाही, नुसती नाटकं आहेत.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. आजारागणिक हे प्रमाण ७० ते ९२ टक्के होतं. उपचार न पोहोचण्याची कारणं पुष्कळ आहेत. डॉक्टर कमी, अंतर लांब, लोक काय म्हणतील ही भीती. पण त्याआधीचं कारण घरातच असतं. हा आजार आहे, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. तापासारखा तो मोजता येत नाही, रक्तातही दिसत नाही. तो दिसतो वागण्यात, आणि वागणं आपण स्वभावाच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

म्हणून पहिली सूचना. माणसाची तुलना शेजाऱ्याशी करू नका, त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी करा. एखादा मुळातच अबोल असतो, तो त्याचा स्वभाव. पण पारावर बसून गावभर गप्पा मारणारा माणूस महिनाभर दाराबाहेर पडला नाही, तर तो बदल आहे. मग बघायचं की हा बदल किती दिवस टिकून आहे आणि त्यापायी रोजचं काय काय अडलं आहे: झोप, जेवण, आंघोळ, काम, माणसांत मिसळणं. दुःख, काळजी, राग तर सगळ्यांनाच असतात. ते दिवसचे दिवस हटत नाहीत आणि रोजचं जगणं अडवू लागतात, तेव्हा त्यांच्याकडे आजार म्हणून बघायचं.

नैराश्य: फक्त रडणं नव्हे

नैराश्याचं निदान करताना डॉक्टर साधारण दोन आठवड्यांची मुदत धरतात. त्या काळात जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असणं किंवा कशातच गोडी न उरणं, यातलं एक तरी असावं लागतं. दुसरी खूण पहिलीपेक्षा जास्त फसवी आहे. माणूस रडत नाही, तक्रारही करत नाही. फक्त ज्यात त्याचा जीव रमायचा ते एकेक सुटत जातं. भजनी मंडळात जाणं बंद होतं. क्रिकेटचा सामना लागला तरी मान वर होत नाही. नातू मांडीवर येऊन बसला तरी हात आपणहून त्याच्या पाठीवर जात नाही. 'आता वय झालं' किंवा 'कामाचा ताण आहे' म्हणून घरचे ते सोडून देतात.

झोपेकडे नीट लक्ष द्या. रात्री उशिरापर्यंत डोळा न लागणं बऱ्याच कारणांनी होतं. पहाटे तीन-चारलाच जाग येणं, पुन्हा झोप न लागणं आणि नेमक्या त्या वेळी मन सगळ्यात काळवंडलेलं असणं, ही मात्र नैराश्याची ठळक खूण आहे. अशा माणसाला सकाळ नकोशी वाटते, संध्याकाळी थोडं बरं वाटतं. काहींचं उलट असतं, ते दिवसभर झोपतात. भूक मरते किंवा वाढते, वजन बदलतं. साधा निर्णय होत नाही. भाजी कुठली करायची इथपासून अडतं. वाचलेलं डोक्यात शिरत नाही. आणि अपराधीपणा येतो, तोही प्रमाणाबाहेर. वीस वर्षांपूर्वीची क्षुल्लक चूक उकरून माणूस स्वतःला कोसत राहतो, 'मी सगळ्यांना ओझं झालोय' म्हणतो.

पुरुषांत हा आजार अनेकदा चिडचिडेपणाचा वेश घेऊन येतो. ताट भिरकावणं, मुलांवर खेकसणं, दारूचं प्रमाण वाढणं हे दिसतं. आतली खिन्नता दिसत नाही. दारूने झोप लागते असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात दारू झोप मोडते आणि नैराश्य वाढवते. वाढत्या वयाच्या मुलांतही चिडकेपणाच जास्त दिसतो, सोबत मार्क घसरणं आणि मित्र तुटणं. लहान मुलाचं पोट शाळेच्या दिवशी सकाळीच दुखत असेल आणि रविवारी दुखत नसेल, तर त्याला खोटारडा ठरवण्याआधी शाळेत काय चाललंय ते विचारा. म्हाताऱ्या माणसांत नैराश्य विसराळूपणासारखं भासतं.

'मन रमव, फिरून ये, देवाचं नाव घे' हे सल्ले वाईट हेतूने दिलेले नसतात. पण मन रमण्याची ताकद जाणं हाच ज्याचा आजार आहे, त्याला मन रमव सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला चाल सांगण्यासारखं आहे. तो प्रयत्न करतो, जमत नाही, आणि त्याच्या अपराधांच्या यादीत आणखी एक भर पडते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. थायरॉइडचं काम मंदावलं, रक्त कमी झालं, बी-१२ जीवनसत्त्व घटलं, तरी असाच थकवा आणि मरगळ येते. काही औषधांनीही येते. त्यामुळे एकदा रक्त तपासून घेणं योग्यच. फक्त रिपोर्ट चांगले आले म्हणजे माणूस ठणठणीत, असा अर्थ काढू नका.

काळजी, धडधड आणि मंत्रचळ

काळजी करणं हा आपल्या घरांत जणू आईपणाचाच भाग समजला जातो, त्यामुळे चिंतेचा आजार सगळ्यात जास्त झाकलेला राहतो. मुलगा कामावरून दहा मिनिटं उशिरा आला की आईच्या डोळ्यांपुढे अपघात उभा राहतो, हे कधीमधी ठीक. पण एक काळजी मिटली की लगेच दुसरी, असं महिनोन्महिने चालतं, मान-खांदे आखडलेले असतात, झोप सावध असते, छातीत सतत धाकधूक असते. सहा महिन्यांहून जास्त काळ असं चाललं असेल तर तो चिंताविकार असू शकतो.

पॅनिक अटॅकची तऱ्हा वेगळी. काही ध्यानीमनी नसताना एकाएकी छाती धडधडू लागते, घाम फुटतो, श्वास कोंडतो, हातपाय थरथरतात, आता आपण मरणार असं वाटतं. दहाएक मिनिटांत ते टोकाला पोहोचतं आणि मग ओसरतं. पहिल्या वेळी हॉस्पिटल गाठणं बरोबरच आहे. छातीत दुखणं हृदयाचं नाही, हे घरी बसून कुणी ठरवू नये. पण ईसीजी आणि बाकीच्या तपासण्या पुन्हा पुन्हा चांगल्या येत असतील आणि 'परत झटका आला तर' या धास्तीने माणूस एसटीत बसेना, बाजारात जाईना, एकटा राहीना, तर पुढची भेट हृदयरोगतज्ज्ञाची नसून मनोविकारतज्ज्ञाची असायला हवी. हा आजार उपचारांना चांगली दाद देतो, हेही माहीत असावं.

मंत्रचळाबद्दल, म्हणजे ओसीडीबद्दल, थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण आपल्या संस्कारांत तो बेमालूम लपतो. कपाटातले कपडे रांगेत लावणारे लोक हल्ली गमतीने 'मला ओसीडी आहे' म्हणतात. ती नुसती टापटीप. मंत्रचळात एखादा नकोसा विचार मनात घुसतो. हात अस्वच्छ आहेत, गॅस चालू राहिला, माझ्या हातून कुणाला इजा होईल. तो विचार वेडगळ आहे हे त्या माणसाला बहुतेक वेळा कळत असतं, तरी तो जात नाही. मग बेचैनी शमवायला हात धुणं, कुलूप ओढून बघणं, मोजणं, तीच प्रार्थना पुन्हा म्हणणं सुरू होतं. घटकाभर बरं वाटतं, की पुन्हा तेच. दिवसातला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ यात जात असेल, तर तो आजार समजावा. सासूबाईंचं सोवळं वाढत चाललं, आंघोळ दोन तासांवर गेली, बाहेरून आणलेल्या दुधाच्या पिशव्या तीनतीनदा धुतल्या जाऊ लागल्या, तरी घर त्याला 'कडक शिस्त' म्हणत राहतं. काहींच्या मनात पूजेच्या वेळीच देवाबद्दल घाणेरडे विचार येतात. लाजेपोटी ही माणसं वर्षानुवर्षं कोणाशी बोलत नाहीत आणि स्वतःला पापी समजतात. असा विचार येणं हे आजाराचं लक्षण आहे. त्यावर गोळ्या आहेत, आणि धास्तीला हळूहळू सामोरं जायला शिकवणारी उपचारपद्धतीही आहे.

'बाहेरचं' म्हणतात ते

विशी-पंचविशीतला मुलगा. कॉलेजला जायचा, आता खोलीबाहेर येत नाही. आंघोळ नाही, दाढी नाही. एकटाच पुटपुटतो, मध्येच हसतो. शेजारी माझ्याबद्दलच बोलतात, मोबाइलमधून माझ्यावर नजर ठेवतात, जेवणात काहीतरी कालवलंय, असं म्हणतो. ही स्किझोफ्रेनियाची, म्हणजे छिन्नमनस्कतेची लक्षणं असू शकतात. पुरुषांत तो बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, बायकांत थोडा उशिरा. कानात येणारे आवाज त्या व्यक्तीला खरेखुरे ऐकू येत असतात. त्यामुळे 'असं काही नाहीच' म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही, आणि हो ला हो करण्यातही नाही. 'मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला त्याचा त्रास होतोय हे दिसतंय, त्रास कमी व्हावा म्हणून आपण डॉक्टरांकडे जाऊ,' इतकं म्हणता येतं.

या टप्प्यावर बरीच घरं देवऋषी, गंडेदोरे, दर्गे-मठ यांच्या वाटेला लागतात आणि त्यात मोलाचे महिने जातात. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. अंगारा लावा, नवस बोला, पण त्याच आठवड्यात डॉक्टरही गाठा. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. उपचार जितके लवकर सुरू होतील तितका माणूस सावरण्याची शक्यता जास्त, हे या आजाराइतकं ठामपणे थोड्याच आजारांबद्दल म्हणता येईल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' अजून पाहिला नसेल तर घरातल्यांनी मिळून पाहा. आजारी माणसाइतकाच तो त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचाही चित्रपट आहे. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन अशा कुटुंबांसाठी काम करते.

याच्या अगदी उलट दिसणारा आजारही घरच्यांना चकवतो. माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो, अखंड बोलतो, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, पैसे उधळतो, एकाच आठवड्यात तीन धंद्यांच्या योजना आखतो, कुणी अडवलं की भडकतो. आठवडाभर किंवा जास्त काळ असं चाललं तर तो उन्माद असू शकतो. नैराश्य आणि उन्माद आलटून पालटून येणाऱ्या आजाराला बायपोलर म्हणतात. घरचे डॉक्टरांना फक्त उदासीचे दिवस सांगतात, कारण तेजीचे दिवस त्यांना आजार वाटलेलेच नसतात. पण नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर अशा माणसाचा उन्माद उसळू शकतो. म्हणून ते दिवसही आठवून सांगा.

बाळंतीण, म्हातारी माणसं आणि दारू

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणं, हळवं होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. ते त्याच्या पुढे टिकलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येईना, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. घरात बारशाची गडबड असते, 'एवढं गोड बाळ असताना रडायला काय झालं' असं चार बायका म्हणतात आणि ती आणखी गप्प होते. त्याहून गंभीर अवस्था क्वचित येते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत झोप पूर्ण उडणं, असंबद्ध बोलणं, भास होणं, बाळाबद्दल विचित्र समज धरणं. यात एक दिवसही थांबू नका. आई आणि बाळाला एकटं सोडू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

वृद्धांत जुन्या आठवणी शाबूत आणि सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, ओळखीच्या गल्लीत वाट चुकते, व्यवहाराचे पैसे मोजता येत नाहीत, असं हळूहळू वाढत गेलं तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करावी. पण काल नीट असलेले आजोबा आज एकाएकी बरळू लागले, तर तो बहुधा शारीरिक बिघाड असतो: लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, नवं औषध. त्यांना त्याच दिवशी दाखवा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, भ्रमिष्टपणा आला, तर तेही जीवावर बेतू शकतं. 'सुटतेय तर सुटू दे' म्हणून घरी ठेवू नका.

मरणाची भाषा

'माझं काही खरं नाही', 'माझ्यानंतर मुलांकडे बघा', 'सुटका झाली तर बरं', अशी वाक्यं कानावर आली की ऐकणारा विषय बदलतो. तसं करू नका. कागदपत्रांची अचानक निरवानिरव करणं, आवडत्या वस्तू देऊन टाकणं, निरोप घेतल्यासारखे फोन करणं, फार दिवसांच्या तगमगीनंतर एकाएकी शांत होणं, या सगळ्याची दखल घ्या. सरळ विचारा, 'दादा, जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंयस का?' असं विचारल्याने मनात नसलेला विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पुष्कळांना बोलायला जागा मिळते. उत्तर हो आलं तर उपदेश नको, शपथ घालणंही नको. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या. शेतकरी घरात फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या, किंवा काही दिवस ते घराबाहेर हलवा. घरातला गोळ्यांचा साठाही तसाच. झपाट्याने येणारी ती तीव्र इच्छा अनेकदा थोड्या वेळात ओसरते, त्या वेळात साधन हाती नसणं फार मोलाचं असतं.

पोलीस केस होईल या भीतीने लोक हॉस्पिटल टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे, आणि असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ हे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलं नाही.

जायचं कुठे आणि सांगायचं काय

पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरकडे गेलात तरी चालेल, पण तिथे फक्त पाठदुखी सांगून परत येऊ नका. झोप, मन न लागणं, रडू येणं, मरणाचे विचार, सगळं कागदावर लिहून न्या. कधीपासून, आधी माणूस कसा होता, घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का, कोणती औषधं चालू आहेत, हेही लिहा. मनोविकारतज्ज्ञ हा औषधं देणारा डॉक्टर असतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. सौम्य नैराश्य-चिंतेत नुसते बोलण्याचे उपचारही पुरतात, आणि ते फार महागडे असावेत असंही नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने तिथल्याच साध्या लोकांना प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्तांशी मोजक्या बैठकी घ्यायला लावल्या आणि रुग्णांना त्याचा चांगला फायदा झाला.

जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात उपचार स्वस्तात मिळतात. पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला तशी संस्था आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. पायरी चढली की भरतीच करतात, हा गैरसमज. विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं वर सांगितलेला २०१७ चा कायदा सांगतो, तेव्हा पॉलिसी उघडून बघा. कुठे जावं हेच सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. २०२२ पासून तो चोवीस तास चालू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आजारी माणूस तयार नसेल तर घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

घरी विषय काढताना 'तुला वेड्याच्या डॉक्टरकडे नेतो' असं म्हणून कुणी तयार होणार नाही, हे उघड आहे. 'काका, महिना झाला तुमची झोप नाही, जेवणही अर्ध्यावर आलंय, झोपेसाठी तरी दाखवून येऊ, मी येतो बरोबर' असं म्हटलं की बहुधा पाय उचलतो. फसवून मात्र नेऊ नका. एकदा विश्वास गेला की पुढची प्रत्येक गोळी संशयाने बघितली जाते.

आणि गोळ्यांबद्दल. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत काही वाटलं नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. सवय लागू शकते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांची. म्हणून त्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, आणि वर्षानुवर्षं घेत असाल तर एकदम थांबवूही नका. बरं वाटू लागल्यावरही नैराश्याचं औषध सहसा सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चालू ठेवावं लागतं. बरे झालेले लोक पुन्हा आजारी पडतात ते पुष्कळदा याच टप्प्यावर, 'आता काय गरज' म्हणून पाकीट कपाटात ठेवल्यामुळे. गोळी कमी करायची की बंद करायची, हे ज्या डॉक्टरांनी ती सुरू केली त्यांनाच विचारा.